तीन कुंड्या नेचे, दसऱ्यापर्यंत

३ सप्टेंबर, बुधवार
लिहायला लागण्याचं कारण हर्षित. सोमवारी फोनवर जे सांगितलं ते मंगळवारच्याशी जुळत नाही, असं काल माझा मुलगा मला म्हणाला. पुण्यात बसून. यापुढे काय घडलं आणि त्याला काय सांगितलं, दोन्ही लिहून ठेवणार. म्हणजे जुळेल.
परिस्थिती: जुलैत जिन्यात घसरले. डाव्या घोट्याचं हाड. प्लास्टर निघालं, पण दसऱ्यापर्यंत जिना बंद. सरावलीतला हा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हर्षितची अट: दसऱ्यापर्यंत एकटी नीट राहून दाखव. सेक्रेटरी प्रतापची एक जरी तक्रार आली तरी पुण्याला यायचं, फ्लॅट भाड्याने जाणार.
बी.एस्सी. बॉटनी, १९७८. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता माझी परीक्षा हा घेणार. मान्य केलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
जमुना गणपती करून गावाहून परतली. माझ्याकडे सात वर्षं कामाला आहे. बाल्कनीत बघायला हिरवं काहीतरी आण, असं बजावलं होतं. रानातले तीन नेचे आणले, मुळांसकट, मातीसकट. तीन कुंड्यांत लावले. फूल नाही, फळ नाही, कचरा नाही. शिस्तीचं झाड.
हर्षितला सांगितलं: बसून बागकाम. खरं: बरंचसं उभ्याने.

८ सप्टेंबर, सोमवार
नेच्यांवर सुरवंट. हिरवे, अंगावर पांढरी रेघ, पानाला असे चिकटलेले की देठच वाटावेत. एकोणीस मोजले. जमुना म्हणाली, बाई, हे आमच्या रानातले हायत. नेचाच खातात, दुसरा कायच नाय. कोथिंबीर ठेवून बघा, तोंड नाय लावायचे. मी म्हटलं, खात्री करून मग बोलावं. कोथिंबीर ठेवली. संध्याकाळपर्यंत तशीच. निष्कर्ष काढला: फक्त नेचा खातात. जमुना म्हणाली, तेच सांगते ना मी. तिचं ते सांगणं होतं. माझा प्रयोग आहे.
निर्णय: आठवड्यात सगळे साफ. प्रताप नेमका माझ्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्या कानावर जाता कामा नये.

१० सप्टेंबर, बुधवार
हिंगाचं पाणी फवारलं. घरभर आमटीचा वास. सुरवंट खात राहिले. मग एकेक उचलून खाली टाकायचं ठरवलं. पहिला टाकला. खाली प्रतापची बायको सपना कपडे वाळत घालत होती. तिच्या ओढणीवर पडला. तिने वर बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. पावसाची चिन्हं आहेत, असं मोठ्याने म्हटलं.
उचलून टाकण्याची पद्धत अशास्त्रीय आहे. बंद.
हर्षितला सांगितलं: शेजाऱ्यांशी संबंध उत्तम.

१३ सप्टेंबर, शनिवार
जुनी विद्यार्थिनी मोनाली पालघरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवले होते. फोनवर जवळजवळ ओरडलीच. मॅडम, हे नेच्यावर जगणारे जंगली पतंग असणार, नेचा खाणारे कीटक मुळात थोडे, प्लीज मारू नका, मी दसऱ्याच्या सुमाराला येते. मी म्हटलं, मारण्याचा प्रश्न कधीच नव्हता.
दुपारी वारा कारखान्यांकडून आला, केमिकलचा वास घेऊन. खिडक्या बंद करून घेतल्या. मग कुंड्यांसमोर बसले. एक पान संपायला सतरा मिनिटं लागतात. चौदा पानं झाली. दुसरी कामं नव्हती असं नाही.
यांनाही तीन कुंड्यांपलीकडे जागा नाही. सरावलीत दुसरा नेचा कुठला?

१७ सप्टेंबर, बुधवार
सगळे नाहीसे. कुंड्यांत नुसत्या काड्या. हिंगाचा परिणाम. औषधाला वेळ लागतो.
मोनालीचं म्हणणं, मॅडम, ते मातीत गेलेत, तिथेच कोश करतात, माती अजिबात हलवू नका. जमुना म्हणाली, निजलेत ते खाली, आता उठतील तवा पंख घेऊनच. दोघी एकच बोलल्या म्हणजे पुरावा होत नाही. मोनालीला नववीच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ होते. मी वरवर बोट फिरवून पाहिलं. माती आहे.
हर्षितला सांगितलं: सर्व नियंत्रणात. आज खरं आणि सांगितलेलं एकच आलं. अशी प्रगती आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
सपना वर आली. ओढणीचा विषय असावा म्हणून मी आधीच पाण्याचा ग्लास पुढे केला. पण तिला माती हवी होती. उद्या घट बसणार, खाली बिल्डरने सगळा मुरूम भरून ठेवलाय, घटाला काळी माती मिळेना. माझं लक्ष कुंड्यांकडे गेलं. काड्याच उरल्या होत्या. रानातली शुद्ध माती. म्हटलं, घेऊन जा, बाकीच्यांनाही पाठव.
सात घरांतून ताटं आली. जमुना मातीकडे बघत म्हणाली, बाई, नका ना देऊ. मी म्हटलं, अंधश्रद्धा पुरे. ती म्हणाली, अंधश्रद्धा नाय, किडे हायत. तरीही मी स्वतः वाटून दिली, प्रत्येकीला सारखी. तळाची थोडी उरली. नेच्यांची मुळं तिच्यात खोचली.
प्रताप स्वतः वर येऊन थँक यू मॅडम म्हणाला. हर्षितला कळवतो म्हणाला. दसरा अकरा दिवसांवर. पास झाल्यातच जमा.

२४ सप्टेंबर, बुधवार
सातही घरी घटांत धान्य उगवलं. सपना सांगून गेली, सगळ्यात दाट आमचाच. मातीचा गुण. सोसायटीने पुढच्या वर्षी मातीचं खातं माझ्याकडे द्यावं, असा अर्ज मनात तयार आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.४०.
खालून किंकाळी. सपनाची. मग समोरच्या घरातून. मग तिसऱ्या मजल्यावरून.

त्याच दिवशी, ९.१५.
जमुना खाली जाऊन बघून आली. घटांतून पतंग निघताहेत. तपकिरी, पंखांवर गुलाबी नक्षी, पैठणीच्या पदरासारखी. निघाले की थेट अखंड दिव्यावर. सपनाचा दिवा विझला. नवरात्रात! समोरच्यांचाही विझला. तिसऱ्या मजल्यावरच्या पुंडलिककाकांनी मात्र पतंगाला हळदकुंकू वाहिलं आणि देवी आली म्हणून हात जोडून बसले. सातांपैकी एक घर अनुकूल आहे.
संभाव्य कारण: बाहेरून आले असावेत.

२८ सप्टेंबर, रविवार
पार्किंगमध्ये मीटिंग. विषय मी. मला उतरता येत नाही. बाल्कनीतून ऐकलं. प्रताप म्हणाला, मॅडमबद्दल रिस्पेक्ट आहे, पण माझी आई कालपासून जेवली नाही, दिवा विझला म्हणून. मी वरून म्हटलं, दिव्याकडे जाणं हा पतंगांचा स्वभाव आहे, दिव्यावर काच ठेवायला हवी होती. कोणीतरी म्हणालं, मॅडम, वर्ग सुटलाय. हसले सगळे.
माझी बाजू मांडायला जमुनेला पाठवलं. नीट समजावून पाठवलं होतं. मधोमध उभी राहून म्हणाली, बाईंनी मुद्दाम नाय केला. बाईंना कायच माहीत नाय.
सगळ्यांना ते पटलं.

२९ सप्टेंबर, सोमवार
माझ्याकडे उरलेल्या मातीतून एक निघाला. ग्रिलवर बसला. पंख वाळेपर्यंत मी पंखा बंद ठेवला. घामाने साडी चिकटली. खिडकी उघडली. गेला नाही. पुन्हा नीट उघडली. मोकळी वाट असताना बसून राहणं म्हणजे हट्ट. हे त्याला सांगितलं.
हर्षितचा फोन आला. मी सांगायच्या आधीच त्याला सगळं माहीत होतं. त्याच्याकडे चार व्हिडिओ आहेत. एकात माझा आवाज आहे, काच ठेवायला हवी होती. आई, गुरुवारी गाडी घेऊन येतो, म्हणाला. मी म्हटलं, सहज भेटायला येतोस का? म्हणाला, बॅग भरून ठेव.

३० सप्टेंबर, मंगळवार
बॅग भरली नाही. प्रतापच्या आईला निरोप पाठवला, मला बोलायचं आहे. त्या वर आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तरी एक मजला जिना चढून. माफी मागायची ठरवलं होतं. पतंगाचं जीवनचक्र सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. जाताना म्हणाल्या, एवढं ठाऊक होतं तर माती कशाला दिलीत, बाई?
प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला. उत्तरासाठी खाली दोन ओळी कोऱ्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी ३.
हर्षित एक वाजता आला. मोनाली अकरालाच आली होती. फ्लॅटचा चार्ज खालीलप्रमाणे दिला. शाळेतून निवृत्त होताना दिला होता तसाच, सह्या घेऊन.
१) फ्लॅटच्या किल्ल्या, दोन जोड. हर्षितला. सही घेतली.
२) गॅसचं पुस्तक, पाण्याच्या वेळांचा कागद. प्रतापला, भाडेकरूंसाठी. सही घेतली. त्याने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. वेळ नव्हता.
३) पतंग, जिवंत, एक, ग्रिलवरचाच, लोणच्याच्या बरणीत, तोंडाला मलमल. मेलेले पाच, जमुनेने घरोघरच्या दिव्यांखालून वेचलेले, आगपेटीत. मोनालीला. सही घेतली. पंचवीसपैकी नऊची आठवण काढली नाही.
४) कुंड्या तीन. नेच्यांना प्रत्येकी एक नवा कोंब, अजून वळलेला. जमुनेला. अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. तिने पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, माझ्यापेक्षा वळणदार. शाळेत किती शिकलीस, विचारलं. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, आठवी, बाई. नेचे परत रानात लावते.
५) मी स्वतः. पुण्याला, सून जागृतीकडे. सही घेतलेली नाही. तात्पुरतं आहे.