नावांचं पान : एक चहा

५ मार्च २००६, रविवार, सकाळी ९
भोकरदन. आजपासून 'पाटी'चं प्लॅनिंग माझ्याकडे. शाळेतल्या पोरांना मराठीत टाइप करता यावं म्हणून आम्ही तिघं हे सॉफ्टवेअर बिनपगारी बनवून राह्यलो. फुकट आहे, कुणीही घ्यावं, उघडून बदलावं. केदारखेड्याच्या भुजंगला प्रोग्रॅमिंग येतं. घनसावंगीत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बेबीनंदाला भाषा येते. मला दोन्हीचा अंदाज आहे. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडल्याने डोकं मोकळं राहिलं.
पद्धत : स्प्रिंट. दोन आठवडे, मोजकी कामं, संपवायची, मग पुढची ठरवायची. माप तासांत न्हाई, चहात. फुटणारी जोडाक्षरं : वीस चहा. मेनूचं मराठी : बारा. बनवणाऱ्यांच्या नावांचं पान : एक. ते मी घेतलं. माझं आणि बेबीनंदाचं नाव शेजारी यायचं असेल तर ते काम दुसऱ्याच्या हाती देणं बराबर न्हाई.

११ मार्च
नावांच्या पानावर विचार. चार चहा झाले. अक्षरांप्रमाणे लावलं तर देवानंद, बेबीनंदा, भुजंग. म्हणजे भुजंगही तिच्याशेजारी. गावांप्रमाणे लावलं तरी तेच. वयाप्रमाणे लावलं तर भुजंग मधोमध. प्रश्न दिसतो तितका सोपा न्हाई.

१९ मार्च, रविवार
पहिला स्प्रिंट यशस्वी. जोडाक्षरं झाली, मेनू झाला. माझं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं. पद्धतीत तशी सोय आहे. बेबीनंदाने आमच्या मेलच्या ग्रुपवर विचारलं, नावांचं पान कुठंय, देवानंदभाऊ? ग्रुपवर सगळे बघतात म्हणून 'भाऊ' लिहावं लागतं. पर्सनल मेलमध्ये लिहिणार न्हाई. पर्सनल मेल अजून आलेला न्हाई.

२७ मार्च, दुपारी
भुजंगचा मेल : बारकं काम आहे, मीच करून टाकू का? चिडायचं न्हाई, असं सकाळीच ठरवलं होतं. पण मेल दुपारी आला. उत्तर लिहिताना हात जरा जड पडला, स्पेसबार निघाला. मेल सगळा जोडून गेला, तरी मुद्दा पोहोचला असणार. मी जिथं बसतो त्या इंटरनेट कॅफेचे तातेराव म्हणाले, राग येऊन राह्यला तर बाहेर ओट्यावर बस बाबा, मशीनला कामून मारतो? आता मला तीन नंबरची मशीन. तिला माऊस न्हाई.

२ एप्रिल, रविवार
दुसरा स्प्रिंटही यशस्वी. नावांचं पान पुढे. पुढच्या प्लॅनिंगसाठी सगळ्यांनी इथे कॅफेत बसायचं, ९ तारखेला. बेबीनंदा येणार. मी न सांगता जालन्याच्या स्टँडवर घ्यायला जाणार.

९ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६
सातपासून दोनपर्यंत स्टँडवर. ती जीपने बाहेरच्या बाहेर आल्ती. मी परत येईतो मीटिंग संपली. तातेराव सांगत होते, पोरगी लई हुशार. त्यांच्या आईला, साळूबाईंना, समोर बसवून मेनूतले शब्द वाचून दाखवले. साळूबाई म्हणाल्या, 'पूर्ववत करा' असं कोन बोलतं बाई, 'मागं घे' म्हन की. तिने लगेच बदललं. भाषेचा दर्जा घसरतोय, रिलीजनंतर बोलू. माझ्याबद्दल काही विचारलं का, हे मी सहज विचारलं. विचारलं म्हणे, स्पेसबार कोणी तोडला ते.

१५ एप्रिल
उद्या रिलीज. तिने लिहिलं, पान आज न आल्यास मी बनवते. बनवू देणार न्हाई. तोडगा सापडला : आम्ही दोघं एका ओळीत, भुजंग खाली. त्याखाली माझ्या कवितेच्या चार ओळी. तिसरी ओळ जमत असताना लाइट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक प्लॅनला मीच जोडलं होतं. बघायचं राहिलं.

१६ एप्रिल, रविवार
'पाटी' आली. पान तिने केलं, एका चहात. चहा भुजंगच्या आईने केला होता, असं भुजंग कळवतो.
नियम : ज्याचं एक तरी काम पूर्ण, त्याचं नाव. बेबीनंदा, शेजारी भुजंग. खाली साळूबाई, भोकरदन, एक शब्द. बस.
माझं कुठंय, मी विचारलं. बेबीनंदाचा पहिला पर्सनल मेल आला : पुढच्या स्प्रिंटमध्ये एक काम पूर्ण करा, देवानंदभाऊ, तुमचं नाव टाकायचं काम माझ्याकडे. अंदाज अर्धा चहा.
तातेरावांनी पान छापून कॅफेच्या दारावर लावलं. साळूबाईंना वाचता येत न्हाई, मलाच वाचून दाखवावं लागलं. त्यांचं नाव दोनदा. मंग त्यांनी विचारलं, अन् तुहं कुठंय रे? खाली बघ, असंल.
बघितलं.
तातेरावांनी चहा विचारला. नको म्हणालो.