वाचून दाखवायचा राहिलेला कागद

बाबा, तुमची नात विमान चालवायला शिकते आहे. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "पैसा कोणं देल्ला?" बँकेनं दिला. तारण काय ठेवलं, हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि त्याचंच उत्तर द्यायला आज वीज गेलेली असताना दुकानात हा कागद पुढ्यात ओढला आहे. बाजूला एक जळालेली मोटर अर्धी उसवून पडली आहे. प्रत्येक खाचेतले वेढे मोजून मी वहीत लिहितो, मगच नवी तार भरतो. एक वेढा चुकला की मोटर पुन्हा जळते. हे काम मला कोणी शिकवलं नाही. नववीत शाळा सुटली आणि मी जळक्या मोटरी उसवत उसवत शिकलो. बँकेचं कर्जही असंच एकट्यानं शिकलो, आणि त्याचा मला अभिमान होता.

गडचिरोलीकडं जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की पोरगी लहानपणी अंगणात पळायची. मला वाटायचं, सगळीच पोरं पळतात. बारावीनंतर तिनं नागपूरला जाऊन वैद्यकीय तपासणी पास केली, प्रवेश परीक्षा दिली आणि फ्लाइंग स्कूलचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. फीचा पहिला हप्ता तीन आठवड्यांत भरायचा, नाही तर जागा दुसऱ्याला. वास लागल्यासारखा एक एजंट दुकानात आला. "भाऊ, मले दोन टक्के द्या, फाइल मी पळवतो." मी म्हटलं, "मले पळवाची नाई, पोचवाची आहे." कराराचा नमुना मी आधीच मागून आणला. शिकत असताना व्याज लागतं का, परवाना मिळूनही नोकरी लागली नाही तर हप्ते कधी सुरू होतात, मध्येच ती तपासणीत नापास झाली तर काय, सगळ्याखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. मग पोरीला समोर बसवून एक-एक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. ती वैतागली, "बाबा, बत्तीस पानं आहेत!" मी म्हटलं, "विमान चालवाचं आहे ना? मंग आधी बत्तीस पानं चालव." ती वाचत होती तेव्हा मला तुमचाच आवाज येत होता. तिला मात्र मी तसं बोललो नाही.

चंद्रपूरच्या शाखेतला मॅनेजर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आपल्या घराचे कागद त्यानं बाजूला सारले. तुम्ही बांधलेलं घर, पण सरकारी नोंदीत ती जागा अजून झुडपी जंगल आहे. "काका, जंगल तारण कसं घेऊ?" तो म्हणाला, आणि चूक त्याची नव्हती. राहिली ती रस्त्याकडेची तुमची धानाची बांधी, ते भाताचं खाचर. ती मी अकृषक करून घेतली होती, तिच्यावरच हे दुकान आहे. बँकेच्या वकिलानं तिचे कागद उलटत नेले आणि एका पानावर बोट ठेवलं. ताईचं हक्कसोडपत्र. "बहिणीला आणा. समजून सही केली होती, एवढं माझ्यासमोर सांगू द्या. मग मंजुरी." तो दिवस सोमवार होता. शाळेची मुदत शुक्रवारी संपत होती. घरी परतताना बसमध्ये पोरगी शेजारी बसून सामानाची यादी करत होती, आणि मी ताईला काय सांगायचं ते जुळवत होतो.

आता तो कागद कसा झाला ते सांगतो. तुम्ही आयुष्यभर कोतवाल होतात. तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचं, माणसं बोलवायची, अंगठे घ्यायचे. तुम्हाला अक्षर लावून लावून वाचता येत होतं, पण अंगठा उठण्याआधी तुम्ही तलाठ्याला अडवायचात, "साहेब, पह्यले त्याले वाचून दाखवा." लोक म्हणायचे, तलाठी परवडला पण हा कोतवाल नाई. मी विशीत असताना त्याच तलाठ्याच्या कचेरीत कागद लिहायला बसायचो. एकदा जंगलाकडच्या लहान वस्तीवरच्या, टोल्यावरच्या एका गोंड म्हाताऱ्याचा अंगठा मी न वाचता घेतला. साधा अर्ज होता. संध्याकाळी तुम्हाला कळलं. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "जा. वाचून ये." तीन कोस चाललो. शेजारच्यानं गोंडीत सांगितलं, म्हातारा पोट धरून हसला, हे तर मला ठाऊकच होतं म्हणाला, आणि मला आंबील पाजली. मी परत येऊन तणतणलो, "त्याले सगळं ठाऊक होतं!" तुम्ही बिडी विझवत म्हणालात, "असंल. पण त्याले ठाऊक आहे हे तुले कुठी ठाऊक होतं?"

आणि बाबा, तुम्ही गेल्यावर वर्ष व्हायच्या आत मी ताईला निबंधकाच्या कचेरीत नेलं. फेरफाराचे कागद आहेत असं सांगितलं. आपल्याकडं सगळेच भाऊ हेच करतात, हे मी मनाशी घोकत होतो. हिरवी साडी घेतली होती, आधी हॉटेलात भजी खाऊ घातली होती. सही करताना तिनं पेन थांबवून विचारलं, "काय लिवलं आहे, भाऊ?" मी म्हटलं, "तेच. बाबाचं नाव उतरवाचं." चौथी शिकलेली माझी बहीण. तिनं तिचं नाव काढलं, वेलांटी दोनदा गिरवली, आणि साडी चांगली आहे म्हणाली.

मी तिला फोनवर सगळं सांगणार होतो. सांगितलं एवढंच, की पोरीच्या कर्जासाठी बँकेत एक सही लागते. गुरुवारी ती सासरहून, नागभीडच्या बसनं आली. पिशवीत भाचीसाठी नव्या धानाचे पोहे. बँकेत पोरगी तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. वकिलानं ते हक्कसोडपत्र उलगडलं. "बाई, ही सही तुमचीच ना? समजून केली होती?" ताई म्हणाली, "साहेब, माझा बाप कोतवाल होता. वाचून दाखवा." वकिलानं घड्याळ पाहिलं आणि वाचायला घेतलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत होतो. "...सदर मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही..." ताई म्हणाली, "थांबा. हे पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. पोरीनं माझ्याकडं पाहिलं. बत्तीस पानं वाचलेली पोरगी ती, तिला एका ओळीत कळलं. मला वाटलं, ताई आता उठेल. उठायलाच पाहिजे होतं. वकील म्हणाला, "बाई, मला लिहावं लागेल. समजून केली होती की नाही?" ताईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. भाचीच्या हातातली शाळेची फाइल तिनं सरळ केली आणि म्हणाली, "लिवा. समजून केली होती."

बसस्टँडवर मी तिला चहा घेऊ म्हटलं. नको म्हणाली. बसच्या पायरीवर चढून मागं वळली. "भाऊ, पोरीच्या कर्जाच्या कागदाची ओळ न् ओळ वाचली ना तू?" मी म्हटलं, हो. "चांगलं केलं," म्हणाली, आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.

पैसे शुक्रवारी दुपारी पोचले. त्याला आता दीड वर्ष झालं. मुद्दलात व्याज मिसळू नये म्हणून दर महिन्याचं व्याज मी पाच तारखेच्या आत भरतो. सध्या फीचा तिसरा हप्ता अडकला आहे. पावसात उड्डाणं बंद राहिली, तास पुरे झाले नाहीत, आणि तास पुरे झाल्याचं शाळेचं पत्र आल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. मी पत्रावर पत्र लिहितो आहे, ते होईल. पोरगी फोनवर तासांचं सांगते, हवेचं सांगते. त्या कागदाबद्दल तिनं मला एकदाही विचारलं नाही, आणि "बाबा" म्हणण्याआधी ती हल्ली जरा थांबते. ताईचाही फोन येतो. "पोरगी वर आहे का खाली?" एवढं विचारते, हसते, ठेवते.

मी एक कागद तयार केला आहे. कर्ज फिटून जागा बँकेतून सुटली की निम्मी जागा ताईच्या नावे. वकील लावला नाही, स्वतः लिहिला, तीनदा खाडाखोड करून पक्का केला. राखीला ती आली तेव्हा तो माझ्या खिशात होता. तिनं राखी बांधली, मी साडी दिली, तिनं घेतली. कागद मी काढला नाही. वाचायला बसलो असतो तर जुन्या कागदापासून सुरुवात करावी लागली असती.

एका अंगठ्यासाठी तुम्ही मला तीन कोस चालवलं होतं. इथून नागभीड बसनं दीड तास आहे, बाबा. मी अजून गेलो नाही.