दादाचा तास

गुरुजी, तुमच्यावरचा राग मनात ठेवून देवापुढे बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीत कोरी पानं उरली होती, तीच घेतली.

तुमच्या चौथीच्या वर्गात माझा थोरला भाऊ माझ्यासोबतच होता. वयानं मोठा, पण बोलायला वेळ लागणारा, बेरीज कधीच न जमलेला. दुष्काळाचं वर्ष, शाळेत खायला सुकडी मिळायची. शनिवारी सुकडी वाटून झाली की तुम्ही खुर्चीत रेलून म्हणायचात, "उठा बॅरिस्टर! सात पाचे किती?" दादा आनंदानं उठायचा. बोटं मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा. तुम्ही आमच्याकडे पाहून भुवई उडवायचात आणि सारा वर्ग हसायचा. दादाही हसायचा. मी पाटीत डोकं घालायचे. घरी तो चुलीपाशी बसून आईला सांगायचा, "माय, आजबी गुरुजीनं मलेच इचारलं." ती बिचारी खूश. त्या टंचाईत तिनं तुरीच्या ओल्या शेंगा फडक्यात बांधून दिल्या, "गुरुजीले देजो, तुयावर लय जीव हाय त्याइचा." आणि तुम्ही त्या घेतल्यात, गुरुजी! मी पहिली आले तेव्हा मला शाईचं पेन दिलंत आणि म्हणालात, "एका घरात दोघं, पाहा देवाची करणी." देवाची? दर शनिवारी त्याला उभं करा, असं देवानं सांगितलं होतं का तुम्हाला?

आई-बाबा गेल्यावर दादा माझ्याकडे पुलगावला आला. माझ्या मुलाला शाळेत सोडायचा, आणायचा. गेटवर पोरं त्याची चप्पल लपवायची, "येडा मामा" म्हणून मागे लागायची. एक दिवस मुलगाच म्हणाला, "आई, मामाले नको पाठवू, समदे हासतेत." मी तणतणत शाळेत गेले. तिथल्या तरुण बाई ऐकून म्हणाल्या, "मी रागावले तर इथे गप्प बसतील, बाहेर पुन्हा सुरू. तुमच्या भावालाच वर्गात बोलवू." पुन्हा तोच तमाशा होईल, अशी मला भीती वाटली. दादा मात्र डोक्याला तेल चोपडून तयार.

मी दाराशी बसले. दादानं वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या पोराला, चप्पल लपवणाऱ्यालाच, बाहेर पाठवलं. मग वर्गाला म्हणाला, "हा आत आला का समदे हासा. काऊन, ते सांगू नका." पोरगा आत आला आणि सगळे खदखदले. त्यानं सदऱ्याच्या गुंड्या तपासल्या, मागे हात फिरवला, तोंड पुसलं. "काय झालं बे? काऊन हासून राह्यले?" कोणी सांगेना. मग तोही कसनुसं हसायला लागला. दादा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. "मीबी असाच हासतो," तो म्हणाला. "मले वाटते, आपून हासलो का थांबतीन."

म्हणजे तुमच्या वर्गात त्याला कळत होतं, गुरुजी! सगळं कळत होतं, आणि आईला तो काय सांगत होता!

"आता पुन्हा," दादा म्हणाला. "हा बाह्यर जाईन, तुम्ही हासा. पण एकानं उठून याच्यापाशी उभं राहाचं. भांडाचं नाई, बोलाचं नाई. नुसतं उभं राहाचं." पहिल्यांदा कोणी उठेना. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. तिसऱ्या खेपेला अर्धा वर्ग त्याच्याभोवती होता आणि हसायला कोणी उरलं नाही.

आता बाई दर वर्षी नव्या वर्गात दादाचा तास ठेवतात. गेटवर चप्पल अजूनही कधी नाहीशी होते, पण कोणीतरी ती शोधून आणून देतं. तुम्ही ट्रेनिंग झालेले मास्तर होतात. त्याला आजही सात पाचे येत नाही. पण वर्गात एखाद्याला एकटं पडू देऊ नये, हे शिकवायला त्याला यावं लागलं, याचाच माझ्या जिवाला संताप होतो.

तुम्हाला जाऊनही खूप वर्षं झाली, हे पान माझ्यापाशीच राहील. दादा मात्र तास संपला की विचारतो, "आता आपल्या गुरुजीच्या शाळेत केव्हा जाचं? त्याइलेबी दाखवू." मी म्हणते, गुरुजी गावाला गेलेत. एकादशीच्या दिवशीसुद्धा मी हे खोटं बोलते. तुम्ही वारलात हे कळलं तर तो तुमच्यासाठी रडेल, आणि ते मला पाहवणार नाही.