चहावरचा बहिष्कार, मुक्काम बॉथेल

३ मार्च
लिहायला फार उशीर झाला. जानेवारीचा संकल्प मार्चमध्ये सुरू करतोय, त्याबद्दल या वहीची माफी मागतो. मन ठिकाणावर नव्हतं.
सुलभा मुलीच्या, दीपाच्या बाळंतपणाला शुगर लँडला गेली, त्याला पाच महिने झाले. ठरले होते सहा आठवडे. आई मुलीकडे आणि बाप मुलाकडे, अशी आमची वाटणी झाली. काल सत्यजित म्हणाला, बाबा, आईचं तिकीट पुन्हा पुढे ढकललंय. मला कोणी विचारलं? बिचारी तिथे रडत असणार. पंचेचाळीस वर्षांत माझ्याशिवाय राहिलेली नाही.

४ मार्च
नात आन्याचा शाळेचा प्रोजेक्ट आहे, ‘सन्स ऑफ लिबर्टी’. इंग्लंडचा राजा इथल्या, अमेरिकेतल्या लोकांना न विचारता कर लावायचा, कागदावर, चहावर. हे लोक म्हणाले, तुमच्या सभेत आमचा माणूस नाही, मग कर कसला? झाडाखाली जमले, संघटना केली, चहा सोडला. मी सातवी पास, पण हे एकदम कळलं. माझी केस हीच आहे. तसं आन्याला सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, यू डोन्ट पे एनी टॅक्स. लहान आहे अजून.

५ मार्च, सकाळी
सुलभा परत येईपर्यंत या घरात चहा बंद. घोषणा करणार नाही. आपोआप कळेल आणि घर हादरेल.

दुपारी
डोकं ठणकतंय. कोणी काही विचारलं नाही. हादरायला वेळ लागतो.

८ मार्च
पार्कातल्या मोठ्या झाडाखाली संघटना स्थापन केली. सभासद तीन: मी आणि रोज फिरायला येणारे अरुणराव, विष्णूपंत. अरुणरावांची बायकोही मुलीकडे अडकली आहे. त्यांना म्हटलं, लढा. ते म्हणाले, कशाला हो, सध्या टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो. तत्त्व म्हणून नाहीच या माणसाला. विष्णूपंतांनी थर्मास आणला होता. आलं घातलेला चहा. फार आग्रह केला, अर्धा कप घेतला. बहिष्कार घरातल्या चहावर आहे, झाडाखालच्या नाही.

१२ मार्च
सून यामिनी म्हणाली, बाबा, चहा सोडलात ते बेस्ट केलंत, ॲसिडिटी जाईल. सत्यजितने अंगठा दाखवला. डावपेच बदलायला हवेत.
आन्या सांगते, त्या काळी पत्रव्यवहाराच्या समित्या होत्या. एका गावची खबर पत्राने दुसऱ्या गावी जायची. फोनचा उपयोग नाही, दीपा तो स्पीकरवर ठेवते. सुलभाला पत्र टाकलं: धीर सोडू नकोस. बॅग भरून ठेव. मी इथून लढतोय.

१९ मार्च
उत्तर नाही. पत्र दीपाच्या हाती पडलं असणार.

२२ मार्च, संध्याकाळी
आन्याने प्रोजेक्टसाठी आजीला व्हिडिओ कॉल केला. त्या काळी विलायती कापडही सोडलं होतं, बायकांनी घरी सूत कातलं म्हणून तो बहिष्कार टिकला, तर आजीला सूत कातता येतं का, हे विचारायला. मी बाजूच्या खुर्चीत होतो, कॅमेऱ्यात दिसत नव्हतो.
आन्या म्हणाली, आजी, कम बॅक ना, आजोबांनी तुझ्यासाठी टी सोडलाय. सुलभा हसली. म्हणाली, सोडतात कसले, करता येत नाही म्हण. मग म्हणाली, पत्र मिळालं त्यांचं. बॅग भर म्हणतात. काय उत्तर देऊ? तिकीट मीच पुढे ढकलायला लावलं. तुझा बाबा नको नको म्हणत होता.
तिथे दुपारी झोपते म्हणे. मंगळवारी बायकांबरोबर पोहण्याच्या तलावात उतरते, गुडघ्यांना बरं वाटतं.
आन्याने विचारलं, मग आजोबांना का नाही विचारलंस?
सुलभा म्हणाली, त्यांनी मला कधी विचारलं गं? डेपोतली नोकरी सोडली ते मला शेजारणीकडून कळलं. नाशिकचं घर विकलं ते सही करताना. रागाने नाही बोलली. भाजी निवडताना बोलतात तसं बोलली.
आन्याने सगळं उतरवून घेतलं. मला विचारत होती, आजोबा, कॅन आय यूज धिस? मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

२३ मार्च
सर्दी झाली आहे. डोळ्यांतून पाणी येतं.

२६ मार्च
अरुणराव बोलवायला आले होते. गेलो नाही. पत्राचा कच्चा मसुदा:
सौ. सुलभा हिस, आजवर विचारलं नाही, ते विचारतो. तुला इथे यायचं आहे का? माझ्या खोलीतली खिडकीजवळची बाजू तुझीच आहे. मी उशीसुद्धा तिकडे सरकवत नाही. तुझं उत्तर नाही असलं तरी चालेल.
शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. चालणार नाही. तरी राहू दिलं, नाहीतर पुन्हा मीच ठरवल्यासारखं होईल.
पुढे लिहिलं: हो असो, नाही असो, दोन ओळी लिही. दीपाला सांगू नकोस, तुझ्या हाताने लिही. लवकर पाठव. इथे टपाल दुपारी एकला येतं, मी साडेबारापासून दारात असतो.