चेस्टरच्या नाण्यांचा खरा भाव

मी, इर्मा शिमान्स्की, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एरी, पेनसिल्व्हेनिया, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणीही कानाशी न लागता लिहून ठेवत आहे. माझं यकृत नासलं आहे, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझ्या आईकडून मला आले असून त्यावर बँकेचे कर्ज आहे. घर विकून कर्ज फेडावे. काही उरलेच, तर ते माझी मुलगी रोझॅन हिला द्यावे. फार आशा धरू नये.

कलम २. माझे मोठे पातेले, लाटणे आणि पिरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या पोलिश करंज्या, कापायच्या वाट्या चर्चच्या स्वयंपाकघराला द्याव्यात. अट एकच, ब्लांच नोवाकने त्यांना हात लावायचा नाही. माझ्या पिरोगीचं पीठ चिवट असतं असं ती भर लग्नात म्हणाली होती, आणि त्याच पानात तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. माझ्या दफनानंतरच्या जेवणाला तिला बोलवावे, पण वाढायला उभे करू नये.

कलम ३. चेस्टरची हत्यारे शेजारी आर्लोला. ती चेस्टरच्या देखत नेऊ नयेत. माझा नवरा चेस्टर कागदगिरणीत मेकॅनिक होता. आता त्याला पाना कुठला आणि चमचा कुठला ते कळत नाही, पण आपल्या वस्तू कोणी नेतंय एवढं बरोबर कळतं.

कलम ४. नाणी. कोठीच्या खोलीतली, प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत एकेक बंद केलेली सर्व चांदीची नाणी माझ्या कार्डावर घेतली गेली, म्हणून कायद्याने ती माझी. ती मी रोझॅनला देते. या कलमात जरा जास्त लिहावं लागणार आहे. वकीलबाई, तुम्ही कात्री चालवू नका.

टीव्हीच्या खरेदी चॅनेलवर पिवळ्या टायचा एक माणूस नाणी विकतो. रँडी म्हणतात त्याला. चेस्टर कधीकधी माझं नाव विसरतो, रँडीचं नाही. आमच्याकडे आहे तेच नाणं रँडीने पुन्हा दाखवलं की चेस्टर खुर्चीतून उठायचा. "इर्मा, अगं बघ! आपलं नाणं वर गेलं! एकशे एकोणतीस डॉलरला घेतलं, आज एकशे नव्वद!" आणि मीही खूश व्हायचे. रँडी ज्या किमतीला विकतो तोच आपल्या नाण्याचा भाव, असं आम्ही धरून चाललो. या गावात ज्या घरी ते डबे आहेत, तिथे सगळे असंच धरून चालतात. विकायला कोणी गेलेलंच नसतं ना!

ईस्टरला रोझॅन कोलंबस शहराहून आली होती. भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, तुझ्यामागे बाबांना मी नेईन गं. पण मी दिवसभर कामावर. त्यांच्याजवळ बसायला बाई ठेवावी लागेल. नाणी आहेतच ना, त्यातून तिचा पगार निघेल."

मी म्हणाले, "निघेल की! चांगली चार वर्षं निघेल."

ती गेल्यावर मी एक पिशवीभर नाणी वेंडल फ्रायच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात नेली. सज्जन माणूस. त्याने डबे उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा काढला.

"इर्माबाई, नुसत्या चांदीचे वीस डॉलर देतो एकेकाचे. जास्त देववत नाही."

"अहो, टीव्हीवर एकशे नव्वद आहे!"

"त्यांना विचारा, एकशे नव्वदला परत घेता का."

घरी येऊन मी फोन लावला. पोरगी गोड बोलणारी होती. "आजी, आम्ही फक्त विकतो हो, विकत नाही घेत. चेस्टरकाका कसे आहेत? आज नवीन आलंय, त्यांना आवडेल."

कपाळ माझं! मी कार्ड बंद केलं, चॅनेलही बंद केलं. तर चेस्टर रविवारचा शर्ट घालून टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसला, आणि दुसऱ्या दिवशी रँडीचं दुकान शोधायला सपाता घालून बर्फात निघाला. आर्लोने त्याला पुलाजवळून आणला. चॅनेल परत सुरू केलं. काय करणार होते? अजूनही तो फोन करून नाणं मागतो. कार्ड चालत नाही म्हणतात, तर तो माझ्याकडे बघतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

सर्व नाणी मिळून बाईचा पगार जेमतेम पाच महिने निघेल. रोझॅन, हे तुला फोनवर सांगायला मी कितीदा तोंड उघडलं, आणि दरवेळी हवापाण्याचं विचारून फोन ठेवून दिला. तू 'नाही' म्हणालीस तर दुसरं दार माझ्याकडे नव्हतं. पाच महिन्यांनंतर काय, याचं उत्तर मी खूप शोधलं. सापडलं नाही.

कलम ५. चेस्टर. हे कलम वकीलबाईंनी दोनदा खोडलं. "इर्मा, माणूस मृत्युपत्रात कुणाला देता येत नाही," म्हणाल्या. मग त्याला मी कुठे लिहू? मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. रोझॅन, हे वाचताना तो तुझ्या शेजारीच बसला असेल, आणि इर्मा कुठे गेली असं विचारत असेल. कायद्याने तू बांधलेली नाहीस. ज्या नाण्यांच्या भरवशावर त्याला नेणार होतीस, त्यांत तेवढा पैसा नाही. तरी त्याला घेऊन जा.

लिहून देणार: इर्मा शिमान्स्की

वरील सही आमच्यादेखत झाली. सहीच्या वेळी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि रडत होत्या.

साक्षीदार: आर्लो बीमर, शेजारी
साक्षीदार: वेंडल फ्राय, दुकानदार

एरी, पेनसिल्व्हेनिया, ९ जानेवारी २०१९