हिरव्या जर्सीचा तुकडा

मंगळवार, ५ मार्च

परत कपाट उपसलं ह्यांनी! माझे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं जमिनीवर. "अगं, माझी हिरवी जर्सी कुठं ठेवलीस? उद्या मॅच आहे."

उद्या मॅच नाही. ह्यांची शेवटची मॅच झाली तेव्हा लेक शाळेतसुद्धा जात नव्हती. आता तिचेच केस पांढरे व्हायला लागलेत.

शोधू द्यावं तर थांबत नाहीत. थांबवावं तर अंगावर येतात. नवरा माझ्या अंगावर येतो हे लिहितानाही हात अडतो. आज दिवेलागणीला मी गॅसजवळ होते तेवढ्यात दार उघडून बाहेर— अनवाणी! चौकातल्या औषधवाल्यानं हाताला धरून आणलं. म्हणाला, "काकू, मैदान कुठाय विचारत होते सगळ्यांना."

जर्सी घरात नाही. मला माहीत आहे ना. मीच दिली. कापायला!

बुधवार, ६ मार्च

निदान इथं तरी सरळ लिहिते.

थंडीत तो खेळाडूंच्या फोटोंची कार्डं काढणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. टायवाला. "जुन्या दिग्गजांची मालिका काढतोय मॅडम, साहेब त्यात हवेतच." मी हुरळले. ह्यांचं नाव कुणी काढून वर्षं झाली होती. फुटबॉलात गोलकीपरचं नाव कोण काढतं? गोल खाल्ला तरच! पण नुसता फोटो चालणार नाही म्हणाला. "नुसत्या फोटोच्या कार्डाला आता कुणी विचारत नाही मॅडम. सही हवी, नाहीतर अंगातलं कापड."

सही ह्यांची उरली नाही. पेन हातात दिलं की पेनाकडेच बघत बसतात. मग राहिलं कापड. शेवटच्या मॅचची जर्सी ट्रंकेत तळाशी होती. तिचे बारीक चौकोन करून एकेका कार्डात बसवणार, म्हणे. "साहेब घराघरांत पोचतील." मला ते तेव्हा छान वाटलं. अक्कल गहाण ठेवली होती मी! आणि तेव्हा ह्यांना त्या जर्सीची आठवणसुद्धा नव्हती. देऊन महिना झाला नाही तोच शोध सुरू.

ह्यांचे धाकटे भाऊ जर्सी दिली तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पलीकडच्या गल्लीत त्यांचं वह्यापेनांचं दुकान आहे, तिथं कार्डंही विकतात. स्वतः लहानपणापासून जमवतात. "वहिनी, तुम्ही माझ्या भावाचे तुकडे वाटलेत," एवढंच बोलले आणि आमच्याकडं यायचे बंद झाले.

शुक्रवार, ८ मार्च

लेक आली होती. ह्यांच्यासारख्या विसरणाऱ्यांना ठेवून घेणारी संस्था बघून आलीय. स्वच्छ आहे, बाग आहे, फाटकाला कायम कुलूप असतं. एक खोली मोकळी होतेय, महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं. "आई, बाबा बाहेर पळायचे थांबले तर राहू देत घरी. मलाही हौस नाहीये. पण एकदा गाडीखाली आले तर तू काय करशील?"

तिचं काही चुकत नाही. म्हणूनच मी तिच्यावर ओरडले. ती जाताना रडत होती आणि मी भांडी घासत होते, आधीच घासलेली.

मी ह्यांना कुलपात नाही देणार. नाही म्हणजे नाही!

शनिवार, ९ मार्च

बाजारातून हिरवी जर्सी आणली. ह्यांनी नाकाशी धरली आणि फेकली. "ही कुणाची? माझी दे."

सोमवार, ११ मार्च

नाक मुठीत धरून भाऊजींच्या दुकानात गेले. डोक्यात एकच— तिचा एक तुकडा जरी मिळाला तरी पुरे. वासानं ओळखतील. हातात धरून बसतील. कपाट सुटेल, रस्ता सुटेल.

"ह्यांच्या मालिकेची पाकिटं द्या," म्हटलं. भाऊजींनी खोका पुढं केला. बंद पाकिटात कुणाचं कार्ड आहे ते फोडल्यावरच कळतं, म्हणून मी बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी चाचपायला लागले. कापडवालं कार्ड जाड असतं, बोटांना कळतं. जाड लागली ती उचलली आणि तिथंच फाडली. एकात कुणाची तरी सही, डास चिरडल्यासारखी. एकात पांढरं कापड, कुणा दुसऱ्याचं. बाकीची साधी कार्डं काउंटरवर टाकून मी पुढचं पाकीट चाचपत होते.

"तुम्हीसुद्धा वहिनी," भाऊजी म्हणाले.

मग सुटलेच. लहानपणी हे आणि भाऊजी मिळून पाकीट फोडायचे, कोण निघतो याचाच आनंद. दोनदा आलेला खेळाडू शाळेत बदलून घ्यायचा, संच पुरा करायचा. "पुढं फोटो, मागं आकडे. अजून काय लागतं माणसाला? आता सही निघाली तर नाचतात, आणि अकरापैकी दहा खेळाडू माझ्या काउंटरवर टाकून जातात. केराच्या टोपलीत गोलकीपर सापडतात मला! विकतो मी, पोट आहे म्हणून. पण कार्ड म्हणजे कापडाचं दुकान नव्हे."

मी म्हटलं, "मला व्याख्यान नको भाऊजी, तुकडा हवाय!" आणि तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, रडले. मग सगळं सांगितलं. कपाट, रस्ता, संस्था, सगळं. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. ते स्टुलावर बसले.

गुरुवार, १४ मार्च

अजून पाकिटं. काही नाही. आज हे फूटपाथवर पडले, गुडघा सोलवटला. लेकीला सांगितलं नाही. खोटं नाही बोलले, फक्त फोन उचलला नाही.

रविवार, १७ मार्च

भाऊजी घरी आले! बगलेत बुटांचा खोका. लोकांनी टाकून दिलेली साधी कार्डं, सगळी गोळा करून ठेवलेली. पलंगावर ओतली.

ह्यांनी एक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. "हा! हा आपला डावा बॅक. ह्याचे डोळे कायम प्रेक्षकांत!" मी हातातलं तसंच टाकून दारात येऊन उभी राहिले. मग दुसरं. मग उलटून मागचे आकडे वाचले— वाचले! "एवढे गोल? थापा आहेत. तीन तर माझ्या पायाला लागून गेले." भाऊजी मुद्दाम वाद घालत होते, हे तावातावानं उत्तर देत होते. चादरीवर अख्खा संघ मांडला, बचाव पुढं सरकवला, कुणाला तरी बाकावर बसवलं. मला म्हणाले, "चहा टाक गं, मुलं दमलीत."

मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले. किती दिवसांनी!

ज्या कार्डांना कुणी विचारत नाही, त्यांनी सगळी दुपार सांभाळली. भाऊजींच्या चेहऱ्यावर "बघितलंत?" असं लिहिलेलं होतं. असू दे. त्यांचंच बरोबर आहे. माणूस त्या साध्या पुठ्ठ्यावर अख्खा असतो.

पण दिवे लागले आणि हे उठले. "जर्सी कुठाय?"

मंगळवार, १९ मार्च

दुपार कार्डांची, संध्याकाळ कपाटाची. दाराला वरून कडी बसवून घेतली. म्हणजे आता माझ्याकडंही कुलूपच की! संस्थेत आणि माझ्यात फरक तो काय?

शुक्रवार, २२ मार्च

मिळालं. भाऊजींनी आणून दिलं. जाड कार्ड, मधे खिडकी पाडलेली, खिडकीत हिरवा चौकोन, नखाएवढा. बदल्यात काय दिलंत विचारलं तर म्हणाले, "दिलं काहीतरी." मी संध्याकाळी दुकानात गेले तेव्हा त्यांच्या डोक्यामागची फळी रिकामी होती. दोघा भावांनी शाळेत असताना पुरा केलेला संच तिथं असायचा. बोलायला तोंड होतं का मला?

पण आधी ते दुपारचं लिहिते. ह्यांच्या हातात दिलं. बोट फिरवलं, वास घेतला. मग भाऊजींना विचारलं, "ह्या पुठ्ठ्याला भोक कुणी पाडलं रे?" आणि खाली ठेवलं. बस्स. एवढंच!

मग मी हात लावला. गुळगुळीत. चकचकीत. ह्यांची जर्सी सुती विणीची, धुऊन धुऊन शेवाळी झालेली, कितीदा मी रफू केलेली. आंधळी झाले तरी ओळखेन मी ती. हे कापड तिचं नाही!

भाऊजींनी भिंग आणून मागची बारीक अक्षरं वाचली. "सोबतचे कापड सदर खेळाडूने परिधान केलेले आहे. कोणत्याही विशिष्ट सामन्याशी त्याचा संबंध नाही."

परिधान! मला आठवलं. थंडीत टायवाल्यानं ह्यांना कंपनीत नेलं होतं, फोटोसाठी. शर्टावरूनच एक नवी कोरी हिरवी जर्सी चढवली, फोटो काढला, लगेच उतरवून घेतली. हे म्हणालेसुद्धा होते, "घट्ट होते." ती कापली होती त्यांनी. फोटोपुरती अंगावर टाकलेली!

आणि त्या चौकोनासाठी भाऊजींची फळी रिकामी झाली. माझ्यामुळं.

सोमवार, २५ मार्च

टायवाल्याला फोन लावला. उचलेना. लावतच राहिले. शेवटी उचलला तर आवाजात तेच लोणी. "मॅडम, साहेबांची जुनी जर्सी कापता आली नाही. वीण सैल झालेली, कात्री लागली की धागे सुटतात. गोदामात आहे, तशीच."

तशीच म्हणजे?

"म्हणजे अख्खी, मॅडम. पाठवून देऊ का?"

मी फोनवर काय बोलले आठवत नाही. आधी शिव्या दिल्या असाव्यात, मग आभार मानले. धावत भाऊजींकडं गेले. त्यांनी भरदुपारी दुकान बंद केलं आणि माझ्याबरोबर घरी आले. ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "दादा, येतेय तुझी जर्सी." हे म्हणाले, "लवकर आण. वॉर्म-अपला जायचंय."

बुधवार, २७ मार्च

वाट बघणं चालू. आज कपाट उपसत होते तेव्हा पहिल्यांदाच मला राग आला नाही. "येतेय अहो, येतेय," म्हणत मीही शेजारी बसले, घड्या घालत. लेकीला सांगितलं, महिना संपेपर्यंत थांब, कुणाला काही कळवू नकोस. ती म्हणाली, "आई, जर्सीनं काय होणारे?" होईल. होईलच! नाही झालं तर मग माझ्याकडं काही उरलं नाही.

शुक्रवार, २९ मार्च

आज कपाट उघडलं नाही. कार्डंही मागितली नाहीत. खिडकीत बसून होते. दमलेत बहुतेक.

शनिवार, ३० मार्च

जर्सी आली. अख्खी, माझ्या रफूसकट. ह्यांच्या मांडीवर ठेवली.

ह्यांनी उलगडून पाहिली, बाह्या जुळवून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ज्याची आहे त्याला नेऊन द्या हो, बाई. शोधत असेल बिचारा."

लेकीला फोन केला. आता बाहेर जाणार नाहीत, म्हटलं. राहू देत घरीच.