माझ्या सत्काराला माझीच साथ

प्रिय गुनिला,

रविवारी चर्चमध्ये माझा निरोपाचा सत्कार झाला. तू आली नाहीस ते बरंच झालं, तुला बघून मला हसू आवरलं नसतं. आयुष्यभर मी वर माळ्यावर, मंडळीकडे पाठ करून, छोट्या आरशातून खाली बघत ऑर्गन वाजवला. त्या दिवशी मला पहिल्या बाकावर बसवलं. भाषणं झाली, पाळकबाईंनी फुलं दिली. मग सगळे माझ्यासाठी गायला उभे राहिले आणि तसेच थांबले. सूर येईना. सवयीनं सगळ्यांच्या माना माळ्याकडे वळल्या. वाजवणारी खाली बसलीय, हे इतक्या तयारीत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चर्चची देखभाल करणारा आपला बेंग्ट म्हणाला, "मार्गिट, जा ना गं वर, तुझ्याशिवाय कसं व्हायचं?" मी म्हटलं, "सत्कार माझा आणि राबायचंही मीच?" आणि फुलं काखेत मारून निघाले.

जिन्यात दोनदा टेकले. थकलेय गं मी. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता माझं ऐकत नाहीत. वरचे सूर मी गाळते आणि पायांनी खालचे सूर जोरात दाबून वेळ मारून नेते. कुणाला कळलं नाही. उलट नंतर कॉफी पिताना म्हणाले, "काय वाजवलंस आज!" त्याचंच वाईट वाटलं. गायनसंघात तू पूर्वीसारखी माझ्या शेजारी असतीस, तर पहिल्याच कडव्याला वळून बघितलं असतंस. पाळकबाई म्हणाल्या, "नाताळपर्यंत तरी थांबा." मी माळ्याची किल्ली केकच्या बशीशेजारी ठेवली आणि नाही म्हटलं.

आता तू म्हणशील, "मग माझं काय?" तुझ्या अंत्यविधीला तुझं गीत मीच वाजवायचं, हे तू कधीच वदवून घेतलंयस. डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितल्यापासून तर दर फोनला आठवण करून देतेस आणि मी हो हो म्हणते. त्या दिवशी ही बोटं चालतील की नाही, मला ठाऊक नाही. तुला खोटं हो म्हणायचा आता कंटाळा आला.

म्हणून हे पत्र. बेंग्टनं गुरुवारपुरती किल्ली गुपचूप परत दिलीय. दुपारी तो गाडी घेऊन तुला न्यायला येईल, नर्सशी बोललाय. चर्चमध्ये कुणी नसेल. शाल आण, आत गारठा असतो. पहिल्या बाकावर बस, म्हणजे आरशात दिसशील. तुझ्या गीताची सगळी कडवी वाजवते, जमतील तशी. तिसऱ्या कडव्याला तू नेहमीसारखी घाईनं आधीच सुरू करशील. कर, मी येते मागून. अंत्यविधीला कुणीही वाजवू दे, तेव्हा तू थोडीच ऐकणार आहेस. आता ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मार्गिट